चकली वहिनींची, कमिशन काकांचं

दादा गेल्यापासून शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या घरी माणसं येतात. वरणभाताचे डबे आणतात, चहा पितात, दादाचा एखादा किस्सा सांगून हसतात आणि मागचे रिकामे डबे घेऊन जातात. किस्से मात्र इथेच साचतात. त्यांना हसू येतं. मला राग येतो. दादाने घेतलेल्या दिवाळीच्या ऑर्डरींचं कमिशन कंपनीने अजून वहिनींना दिलेलं नाही, आणि घराचा हप्ता त्याच पैशांतून भरायचा आहे.

दादा इंडियन ग्रोसरीच्या दुकानांना पिठं, मसाले, लोणची विकायचा. इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा, सगळं स्वतःच्या गाडीने. मी त्याच कंपनीच्या गोदामात खोकी उचलायचो. मालकांना सगळे काका म्हणतात. पैसे मागायला गेलं की ते जास्तच काका होतात.

* * *

दादाला पगार असा नव्हताच. कंपनी आधी अ‍ॅडव्हान्स द्यायची आणि महिनाअखेर कमिशनमधून कापून घ्यायची. दुकानातून माल परत आला की त्याचं कमिशनही कापायची. एका जानेवारीत बर्फाने रस्तेच बंद झाले आणि कमिशनपेक्षा कापायचे पैसेच जास्त निघाले. महिनाअखेर दादा घरी आला. वहिनींनी विचारलं, हातात किती पडले?

“या महिन्यात काकांना मीच पगार दिला,” दादा म्हणाला आणि जेवायला बसला.

लोक हे सांगून पोट धरून हसतात. त्या महिन्यात आम्ही हीटर कमी करून घरात जॅकेटं घालून बसलो होतो, हे कोणी सांगत नाही.

* * *

मॅडिसनचा एक दुकानदार दादाला मोटेलात राहू द्यायचा नाही. आमचं घर असताना मोटेल कशाला, म्हणून उशी-पांघरूण काढून ठेवायचा. दादाने कौतुकाने ही गोष्ट ऑफिसात सांगितली. काकांनाही फार आनंद झाला. पुढच्याच महिन्यापासून त्यांनी मोटेलचे पैसे बंद केले.

“अरे, तुझी तर गावोगाव घरं आहेत!” म्हणाले.

* * *

दादाची मुलगी रिया चौदा वर्षांची आहे. तिने एकदा दादाचे ड्रायव्हिंगचे तास आणि कमाई फोनवर मांडून हिशोब केला. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, “बाबा, द पिझ्झा गाय मेक्स मोअर दॅन यू.”

“हो, पण त्याला दारातूनच परत पाठवतात,” दादा म्हणाला. “मला आत बोलावून चहा देतात.”

त्या चहावर दादाने सोळा वर्षं काढली. यार, चहावर हप्ता भरता येतो का?

* * *

कंपनीची चकलीची भाजणी कोणी घेत नव्हतं. आयटीतली पोरं पाकीट उचलायची, उलटंपालटं करून परत ठेवायची. मग दादाने वहिनींकडून त्यांच्या पद्धतीने चकल्या तळून घेतल्या आणि दुकानदारांच्या काउंटरवर डबे ठेवले. लोक चकली तोंडात टाकायचे आणि दोन-दोन पाकिटं न्यायचे. त्या दिवाळीला गोदामात भाजणी उरली नाही. खोकी मीच भरली होती, मला माहीत आहे.

काकांनी दादाची पाठ थोपटली. मग महिनाअखेर सॅम्पलच्या पिठाचे पैसे त्याच्या कमिशनमधून कापले. तेल, गॅस आणि वहिनींचे हात तर आमचेच होते.

* * *

या सप्टेंबरात दादा मॅडिसनच्या त्याच दुकानाबाहेर, पार्किंगमध्ये, गाडीतच गेला. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या. मी अजून त्याला फोनवर मेसेज करतो.

फ्युनरल होममध्ये काका पांढरा कुर्ता घालून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, रडणार. हळूच कानात म्हणाले, “गाडीत कंपनीचा टॅबलेट असेल बघ. ऑर्डरी त्यात आहेत.”

मी कॉलर धरली. वहिनींनी माझे हात सोडवले. “भाऊजी, इथे नको,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. गेली तर गेली.

* * *

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी काकांना फोन करून कमिशनचं विचारलं. ते म्हणाले, नियम असा की माल पोचल्यावर जो कामावर असेल त्यालाच कमिशन. अविनाश, म्हणजे दादा, आता कामावर नाही. ते त्याच्या जागी घेतलेल्या नव्या मुलाला जाईल.

मी शिकलेला नाही, पण माणूस मेल्यावर रजा टाकायची राहिली म्हणून पैसे कापतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि त्याच फोनवर पुढे म्हणाले, दुकानांत चकलीचे डबे ठेवायला हवेत. त्याशिवाय दुकानदार माल उतरवून घेत नाहीत. तुम्ही तेवढ्या चकल्या करून द्या, नवा मुलगा येऊन घेऊन जाईल.

वहिनी हो म्हणाल्या. मी घरात आरडाओरडा केला. ताट ढकललं. त्या तळत होत्या तेव्हा मी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा ठेवलं नाही. नवा मुलगा आला, थँक्यू काकू म्हणाला आणि डबे घेऊन गेला.

त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. वहिनींनी स्पीकरवर टाकला. दुकानदार ऑर्डरी कॅन्सल करत होते. चकली दगडासारखी, दात लागत नाही. एका गिऱ्हाइकाच्या दाढेतलं फिलिंग निघून आलं होतं.

“वहिनी, अविनाशचं कमिशन मी विसरलेलो नाही,” काका अगदी मऊ आवाजात म्हणाले. “बसून बोलू आपण. पण आधी सांगा, या वेळी चकलीत घातलंत तरी काय?”

“जास्तीचं काहीच नाही, काका,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही पाकिटावर जी कृती छापली आहे, अगदी तश्शीच केली.”