एकशे छत्तीस किलोमीटर म्हणजे शून्य कसे?

मंगळवारी सकाळी वसईत, सातिवलीला आमच्या गाळ्यावर कंपनीची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. आम्ही दाराची पितळी हँडल बनवतो आणि जवळजवळ सगळा माल हीच कंपनी उचलते. यंदापासून म्हणे आपण किती कार्बन सोडतो ते लिहून द्यायचं... तरच पुढची ऑर्डर.

मला बरंच वाटलं. दहावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण लेथपासून ड्रॉइंगपर्यंत सगळं स्वतः शिकलोय, आणि नोंदी ठेवायची खोड आहे. विजेची बिलं, टेम्पोचं रोजचं रीडिंग... सगळं पुढ्यात ठेवलं.

तिने वाहतुकीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "काका, इथे शून्य लिहा. टेम्पो भाड्याचा दाखवा, म्हणजे गेटबाहेरचं तुमच्यात येत नाही."

"टेम्पो माझा आहे. डिझेल मी भरतो."

"सगळे असंच लिहितात हो."

आता आमच्या हँडलचा प्रवास ऐका. घडतं वसईत. प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला, जातं अंबरनाथला, तिथून भिवंडीच्या गोदामात, आणि माझा टेम्पो रिकामा परत येतो. एक फेरी, एकशे छत्तीस किलोमीटर. मग तेच हँडल कंपनीच्या ट्रकमधून वसईतल्याच माणिकपूरच्या दुकानात विकायला येतं... माझ्या गाळ्यापासून जेमतेम काही किलोमीटरवर.

पूर्वी आमच्याच गल्लीत प्लेटिंग व्हायचं. ते गेलं ते चांगलंच झालं, सांडपाणी सरळ नाल्यात सोडायचे. एकेका शहराने एकेक काम धरलं, याला माझी हरकत नाही. पण मधल्या रस्त्यावरचा धूर कुणाचा? वसई म्हणणार आम्ही फक्त घडवतो, भिवंडी म्हणणार आम्ही फक्त ठेवतो... म्हणजे सगळेच स्वच्छ.

हँडलचं भोक दशांश मिलिमीटरने चुकलं तर हीच कंपनी अख्खा लॉट परत पाठवते. आणि मी एकशे छत्तीस किलोमीटरला शून्य म्हणायचं.

आमचा ड्रायव्हर सलीम माल भरायची वाट बघत दारात उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, जीरो लिखेंगे तो मैं दिनभर था कहाँ?"

मुलगी हसली.

मी खरा आकडा पेनाने लिहिला आणि सही केली. जाताना ती हळूच म्हणाली, "काका, वर हे चालणार नाही."

काल फॉर्म परत आला, दुरुस्त करून पाठवा म्हणून. तोवर ऑर्डर थांबली. सलीमला स्पष्ट सांगितलं, काम गेलं तर सगळ्यात आधी टेम्पो उभा राहील, म्हणजे पहिली झळ तुलाच. त्याने फॉर्म मागून घेतला आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही ठोकली.

आज सकाळी तोच आकडा परत पाठवलाय. पुढे काय होईल माहीत नाही. पण ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं, त्याचा हात सही करताना जरासुद्धा थांबला नाही... सलीमभाई, हे मी विसरणार नाही.