बाटल्या धुण्याचं काम

वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं आणि आमच्या घरात बाटल्या आल्या. मानपाड्याच्या एका शेडमध्ये जुनं प्लॅस्टिक दळून त्याचे दाणे करायचे, दाण्यांचे मग आणि बादल्या. दळण्याआधी बाटल्यांची झाकणं, लेबलं काढून त्या धुवून द्याव्या लागत. ते काम आईने घरी घेतलं. तेलाच्या, फिनेलच्या, शांपूच्या बाटल्या गोणीतून यायच्या. डोंबिवलीतल्या आमच्या एका खोलीत भातालाही त्यांचाच वास यायचा. शाळेतून आल्यावर मी लेबलं खरवडायची. वडील बाटल्यांकडे पाठ करून बसायचे.

एका रविवारी सकाळी एका पांढऱ्या बाटलीचं झाकण निघेना. आईने ती गुडघ्यांत धरून पिळली. झाकण उडालं आणि आतलं काहीतरी तिच्या डोळ्यांत गेलं.

ती ओरडली नाही. "पाणी दे गं," एवढंच म्हणाली.

नळ कोरडा. टबात होतं ते बाटल्या धुतलेलं गढूळ पाणी. मी शेजारच्या काकूंकडे धावले. त्यांनी पिण्याचा हंडाच उचलून आणला. वडिलांनी आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि अख्खा हंडा तिच्या डोळ्यांवर ओतला.

"काय होतं बाटलीत?" डॉक्टरांनी विचारलं. आम्हाला सांगता येईना. बाटलीला लेबलच नव्हतं. उजवा डोळा गेला.

शेडचा मालक भेटायला आला तो एकात एक घातलेले नवेकोरे लाल मग घेऊन. "वहिनी, आपला सगळा घरगुती माल. त्यात ही केमिकल कंपनीतली बाटली कुठून आली, देव जाणे."

तो जाताच वडिलांनी ते मग बाहेर कचऱ्यात भिरकावले. आई भिंत धरत गेली आणि परत घेऊन आली.

"अहो, कशाला टाकता? भंगारवाला उचलेल, आणि उद्या दळायच्या आधी माझ्याकडेच येतील धुवायला."

दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून वडील गोणीपाशी बसले. तेव्हापासून झाकणं तेच उघडायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. कंपनी काही उघडली नाही. आईचा डावा डोळाही हळूहळू धूसर होत गेला. तरी ती शेजारी बसून बाटल्या विसळायची आणि प्रत्येक झाकणाचा आवाज झाला की विचारायची, "काय आहे हो आत?"

"काही नाही गं. रिकामी आहे," वडील म्हणायचे.