बोलिव्हियाचा वकील

माझ्या आतेभावाएवढा कडवा देशभक्त खुद्द बोलिव्हियातसुद्धा जन्मला नसेल. वास्तविक त्या देशाचं नावही त्याने मे महिन्याच्या सुट्टीत, हातातली चिठ्ठी उघडल्यावर पहिल्यांदा वाचलं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून रत्नागिरीला घरी आलेल्या आम्ही पोरांनी शाळेत लुटुपुटीचा राष्ट्रसंघ भरवायचं ठरवलं होतं आणि चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले होते. मला चिली आला, त्याला बोलिव्हिया. चिलीने लढाईत किनारा घेतल्यामुळे बोलिव्हियाला समुद्रच उरलेला नाही, हे वाचून तो सुन्न झाला. "समुद्र नाय? मग माणसं भाताबरोबर खातात काय रे?"

स्वभावच तसा. जे हाती घेईल ते अंगात यायचं. बुद्धिबळं शिकला तेव्हा महिनाभर अंगणातून घोड्यासारखा अडीच घरं चालायचा. आता मी त्याचा शत्रू ठरलो. सुट्टीभर मी आत्याकडेच होतो, जेवायला त्याच्या शेजारी बसायचो, पण तो माझ्याशी बोलेना. आत्याला म्हणायचा, "आई, चिलीच्या वकिलाला सांग, ताक इकडे सरकव म्हणावं."

"अरे मेल्या, चिलीने काय वाकडं केलंन रे तुझं?"

"समुद्र घेतलान!"

याच उन्हाळ्यात आतोबांनी आपल्या नारळाच्या वाडीभोवती चिऱ्यांचा गडगा घातला होता. त्यामुळे मागच्या घरांची समुद्राच्या पुळणीवर जायची जुनी वाट बंद झाली आणि डोक्यावर ओझी घेऊन बायकांना भला मोठा वळसा पडू लागला. आतोबांना बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्यासमोर माझा आतेभाऊ खोकतसुद्धा नसे.

सभेच्या दिवशी आतोबा कोट-पगडी चढवून, मुलाचं कौतुक ऐकायला पहिल्या रांगेत बसले. मागच्या घरांतली मंडळीही आली होती. आतेभाऊ उभा राहिला आणि बोलिव्हियाची बाजू थेट आमच्या कोर्टकज्ज्यांच्या भाषेत मांडू लागला. "पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे! मधल्याने चिरे रचले, तर मागच्याने समुद्रावर जायचं कुठून?"

"बरोबर बोललास हो, बाबू!" मागून एक म्हातारी ओरडली.

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा उमगलं. त्याने बापाकडे पाहिलं. आता हा शब्द गिळणार, असं मला वाटलं. अध्यक्षांनी विचारलं, "बोलिव्हियाचं म्हणणं संपलं?"

"नाही." तो म्हणाला. "वाट मोकळी झाली पाहिजे."

मताला सगळे हात वर गेले. त्यात चिलीचाही होता. हरल्याचा एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

आतोबा तडक घरी गेले. आतेभाऊ त्या दिवशी जेवला नाही. सकाळी चिरे पडल्याचा आवाज आला म्हणून आम्ही धावलो, तर आतोबा धोतर खोचून एकटेच गडगा उतरवत होते. मुलाकडे न बघता म्हणाले, "उभा काय राहिलास? त्या टोकाचा चिरा धर."

आतोबा आता नाहीत. आतेभाऊ नोकरीसाठी आफ्रिकेत गेला, तो तिकडचाच झाला. दर पत्रात लिहितो, "वाट चालती ठेव, नायतर मोडेल." म्हणून गावी गेलो की मी त्या वाटेने पुळणीपर्यंत जाऊन येतो. काम काहीच नसतं. त्याची फार आठवण येते, एवढंच.