शाळेखालचं पेव

माझ्या जावेला, सुंदरबाईला, लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिने गावात शाळा काढली. हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. नवरा गेल्यावर ती धुळ्याला देवपुरात एका शिक्षकाच्या घरी भांडी घासायला राहिली. ओसरीवर पोरं पाढे म्हणायची, ते हिला राख लागलेल्या हातांनी पाठ झाले. परत आली ती एकच खूळ घेऊन. आपल्या पोरांना शाळा पाहिजे. दोंडाईचाची शाळा लांब, मधे नाला, आणि पोरं कपाशी वेचणाऱ्यांची. कोण पाठवणार?

"अक्का, मास्तरले खावाले कोन देई?" मी विचारलं.

"बठ्ठं गाव देई."

आणि तिने द्यायला लावलं! खळं झालं की ही बया सूप घेऊन दारोदार. ज्याचं पोर शाळेत त्याने पायलीभर ज्वारी, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने मूठभर. कुणी म्हणालं, पदर पसरायला लाज नाही वाटत? तर ही म्हणे, पोर अडाणी ठेवायला तुला नाही वाटत ना, मग मला कशाला वाटू? जमलेली ज्वारी तिच्या गोठ्यातल्या पेवात जायची. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. खाली हौदाएवढं पोट, वर अरुंद तोंड, पोरगं जेमतेम उतरेल एवढं. अभिमन मास्तरला तिने सालदारासारखं आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत ठेवलं होतं. आखाजीला पेव उघडायचं, मास्तरचं सालाचं धान्य मोजायचं, की पुढचं साल पक्कं.

मग लढाई आली आणि लेव्ही आली, म्हणजे सरकारला सक्तीने धान्य घालणं. सरकारची माणसं घरोघर कणग्या ठोकून बघू लागली. शाळेची ज्वारी गेली तर मास्तर जाणार हे उघड होतं. त्याचा मामा भुसावळला रेल्वेत होता आणि सारखा बोलावत होता. मग सुंदरबाईने पेवाच्या तोंडावर दगड ठेवला, वरून माती लिंपली, शेणाने सारवलं आणि शाळाच तिथे भरवली. ज्वारीवर बसून पोरं बाराखडी म्हणू लागली.

श्रावणात गोठा गळला. नेमका तिथेच.

पौषात पोरांची एका जागेवरून मारामारी सुरू झाली. थंडीत ती जागा म्हणे गरम लागते. मी जाऊन हात ठेवला. कोंबडीच्या पोटाखाली हात घालावा तशी जमीन ऊन होती. पेवातला दाणा भिजला की तापतो, सडतो आणि खालची हवा मारते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. सारवणाला भेग पडली होती, त्यातून आंबूस वास येत होता.

"अक्का, दाणा सडी राहिना."

"चूप बस. मास्तर ऐकी."

तिने भेग लिंपली. आठ दिवसांनी पुन्हा पडली, पुन्हा लिंपली. मास्तरलाही वास येत होता, त्याला काय नाक नव्हतं? पण कुणीच बोलत नव्हतं. बोललं की शाळा संपली.

आखाजीच्या सकाळी बातमी आली, आज शिपाई येणार, उद्या पहाटे झडती. पेवाचा कायदा असा की झाकण काढून रात्रभर पेवाला श्वास घेऊ द्यायचा, मग आत विस्तव सोडायचा. विस्तव जगला तर माणूस जगेल. पण रात्र होती कुठे? उघडं पेव झडतीवाल्यांना दिसलं असतं. गावचा पंडित पाटील म्हणाला, सणाच्या दुपारीच काढू आणि घराघरात थोडं थोडं पांगवू.

दुपारी शिपाई चावडीवर पुरणपोळी खाऊन पेंगत होता. खणण्याचा आवाज जाऊ नये म्हणून पोरांना अंगणात ओळीने बसवून पाढे म्हणायला लावले. दगड सरकवला. असा वास आला की पाटील नाकाला धोतराचा सोगा लावून मागे सरला. मास्तरने कपाशीच्या पऱ्हाटीची पेटती काडी आत टाकली. ती गळ्यापर्यंतच गेली आणि विझली.

"वाऱ्याने विझली," मास्तर म्हणाला.

पेवात कसला आलाय मेला वारा!

उतरायला बारीक पोर लागतं. वर्गात सगळ्यात बारीक माझा झुलाल. पाटलाने त्याच्या कमरेला दोर बांधला. मी ओरडणार, तेवढ्यात सुंदरबाईने त्याला मागे ओढलं. गाठ सोडली, दोर स्वतःच्या काखेतून घेतला.

"अक्का, नको वं माय!"

"मी उतरस. पोरं नकोत." मग माझ्याकडे बघून हसली. "मन्ही शाळा शे."

उतरणाऱ्याने बोलत राहायचं असतं. आवाज थांबला की वरच्यांनी ओढायचं. खरवडत, खांदे वाकडे करत ती तोंडातून आत गेली आणि पाढा म्हणू लागली. "बे एके बे. बे दुणे चार." आवाज जड होत गेला. "बे त्रिक सहा. बे चोक..." आम्ही दोर ताणला. मग अगदी हळू, "बे पंचे..."

अंगणातल्या पोरांनी सवयीने एका सुरात सांगितलं, "दहा!"

आम्ही दोर ओढला. पण तोंड पोराच्या मापाचं. ढिलं पडलेलं अंग तिथे अडकलं. कुदळीने कड फोडून तिला बाहेर काढलं, तोवर काही उरलं नव्हतं. तिच्या मुठीत ज्वारी होती. काळी, चिकट. मास्तर तिथेच बसून हमसून हमसून रडला.

झडतीवाल्यांनी पेवात डोकावलं आणि नाक दाबून निघून गेले.

तेराव्याला गाव लोटलं. प्रत्येकाच्या पदरात ज्वारी. जिवंतपणी मूठभर द्यायला ज्यांचा जीव जायचा, त्यांनीही सुपं भरून आणली. मेल्यांनो, तेव्हा कुठे होता रे? मी तोंडावर बोलले. सालाची ज्वारी जमली. मास्तर भुसावळला गेला नाही. शाळा चालू आहे, झुलाल धडा वाचतो, आणि मी ऐकत बसते.

पण एवढी ज्वारी ठेवायची कुठे? लेव्ही तर आहेच. परवापासून पाटलाने शाळेच्या अंगणात खणायला घेतलंय. तोंड अरुंदच ठेवणार म्हणे, लपवायला सोपं. काल जाता जाता त्याने झुलालच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, पोरगं अजून काडीच आहे की.

मी आता रोज झुलालच्या ताटात माझी भाकर सरकवते. खा बाबा, खा. लवकर जाड हो.