परीच्या निरोपाचा सूर

खापरखेड्याच्या वसाहतीत आमच्या फिरत्या सिनेमाचा तंबू लागायचा, तेव्हाची गोष्ट. तंबू भागीदाराचा, मशीन माझं. इतवारी बाजारात ओझी वाहून आणि भल्याभल्यांशी भांडून मी ते घेतलं होतं. परीच्या गोष्टीची एक जुनी फिल्मही मीच घासाघीस करून आणली. चित्र स्वच्छ होतं, पण ओल लागून आवाजाची पट्टी गेलेली. ठरलं असं, की भागीदार माईकवरून गोष्ट सांगेल आणि संगीत मी टेपवर भरीन.

राक्षसाला ढोल चालला. उडत्या गालिच्याला जलतरंगाची एक तबकडी इतकी बसली, की पोरं माना वर करून तंबूच्या छताकडे पाहायची. अडलं ते शेवटी. परी राजपुत्राला सोडून आकाशात जाते, जाताना तिचे ओठ हलतात. इतवारीतल्या जुन्या तबकड्या मी पालथ्या घातल्या, दुकानदारांवर डाफरलो, पण एकही गाणं तिच्या तोंडी शोभेना.

आमचं घर विणकरांचं. धाकटी बहीण चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. माझी चिडचिड ऐकून म्हणाली, "दादा, परीले आपली भाषा कुठून येईन? तिच्या गाण्यात शब्द काहून पाहिजे?"

आणि कांड्या भरताना ती नेहमी गुणगुणायची, तो बिनशब्दांचा सूर तिने धरला.

मी टेपरेकॉर्डर आणला. बाबांनी हातमाग थांबवला. पण चरखा फिरवल्याशिवाय तिला सूर सापडेना, म्हणून त्याची घरघरही टेपवर आली. पडद्यावर ती परीच्या पंखांची वाटायची. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. बहिणीने एकदाच येऊन ते पाहिलं. परीचं नाक माह्यापेक्षा चांगलं आहे, एवढंच म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात ती तापाने गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. होती ती एक टेप.

तेरवी आटोपून मी तंबूत गेलो आणि मागे उभा राहिलो. परी वर उठली, ओठ हलले, आणि वरातीचा बँड वाजू लागला. लोक शिट्ट्या मारत होते.

खेळ सुटल्यावर मी भागीदाराची कॉलर धरली. त्याने ती सोडवूनही घेतली नाही.

"लोकं जादू पाहाले येतात गा, रडाले नाही," तो म्हणाला. "अन् दुसरी टेप कुठं होती माह्याजवळ? त्याच टेपवर बँड भरला."

बहिणीच्या मयतीला त्याने खांदा दिला होता.

वाटणीत मशीन मी त्याला सोडलं आणि फक्त ती फिल्म घेतली. इतवारीत लोक हसले. भाजीवालीलाही एक पैसा न सोडणारा हा माणूस या सौद्यात कसा फसला, म्हणाले. भागीदाराशी मी आजही बोलत नाही. समोरून आला तर रस्ता बदलत नाही, त्यालाच बदलू देतो.

कधीतरी मशीन भाड्याने आणून शेवटचा तुकडा लावतो. परीचे ओठ हलतात. सुरुवात मला येते. मी गुणगुणतो. पुढे तिचा सूर कुठे वळायचा, ते काही केल्या आठवत नाही, आणि तोवर परी निघून गेलेली असते.