उन्हात टाकायची गादी

पत्नी गेल्यावर श्रीवर्धनजवळचं आमचं घर दोन पावसाळे बंद राहिलं. म्हातारपण तिथंच काढायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. दिवाळीनंतर मी एकटाच निघालो. मुलीची एकच अट होती, "खोकला सुरू झाला तर पनवेलला परत यायचं, बाबा." माझी छाती नाजूक आहे, हे तिला ठाऊक आहे.

शेजारी चुलतवहिनी राहतात. कुलूप काढून मी झाडू उचलला, तर त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भावोजी, कोरडं झाडू नका. उंदरांनी घाण केलीय. आधी पाणी शिंपडा नि तोंडाला फडका बांधा. येवढी पुस्तकं वाचलीत, त्यात ह्ये न्हाय लिवलेलं?"

मी निमूटपणे फडका बांधला. खिडक्या उघडल्या, विहीर उपसून घेतली. गॅसची नळी कुरतडलेली होती. ती बदलेपर्यंत वहिनींकडेच जेवलो. गादीला मात्र हात लावला नाही. कापसाची जुनी गादी, पत्नी झोपायची त्या बाजूला अजून थोडी खोलगट होती. वरची चादर तेवढी बदलली आणि त्याच गादीवर झोपू लागलो.

खोकला सुरू झाला. मुलीचा फोन आला की मी तो लांब धरून खोकून घ्यायचो. वहिनींपासून लपणं शक्य नव्हतं. एका सकाळी त्या आत आल्या आणि त्यांनी गादीचा कोपरा उलटला. खाली काळी बुरशी होती.

"ऊन दाखवलं तर?" मी विचारलं.

"आतला कापूस कुजलाय. माझी जाव पाऊस सरला की पयल्या उन्हात गाद्या काढायची. ह्या गादीवर तिनं तुम्हाला झोपू दिलं असतं व्हय?"

आम्ही दोघांनी गादी उचलून वाडीच्या टोकाला नेली आणि सुक्या झावळ्यांबरोबर पेटवली. "धुरातून बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या. मी झालो.

काही दिवस ओटीवर चटई टाकून झोपलो. खोकला हळूहळू बसला. मग बाजारातून नवी गादी आणली. मुलगी फोनवर अजूनही आधी खोकल्याचंच विचारते. परवा मी तिला म्हटलं, "तूच ऐक," आणि गप्प बसलो. खोकला काही आला नाही. कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज तेवढा आला, "भावोजी, ऊन चांगलं पडलंय. गादी काढलीत का?"