तेरवीचं वेगळं कॅलेंडर

मंडपाच्या धंद्यात एक गोष्ट कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असते. लगन आणि मयताची तेरवी एका वहीत लिहायची नाही. माझ्या बापाच्या दोन वह्या होत्या, त्याच पुढे माझ्याकडे आल्या. लग्नाची वही लाल कापडात बांधून देवळीत ठेवलेली. तेरवीची वही साध्या पुठ्ठ्याची, कनातींच्या गठ्ठ्यामागे, पाहुण्याच्या नजरेला पडणार नाही अशी. एकदा घाईत मी लग्नाच्या वहीत कुठल्याशा गावची तेरवी टिपली आणि नेमकं तेच पान एका नवरीच्या आजीनं पाहिलं. ती मंडळी उठून दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेली. जाता जाता म्हातारीनं माझ्या वहीवरून मीठ-मिरची अशी ओवाळली की वही पुढे तीन दिवस शिंकत होती.

माझ्या बोलण्यात थोडी भर असते, हे तालुक्याला माहीत आहे. माझा एक मंडप वावटळीत उडाला तो थेट उमरखेडला जाऊन उतरला. तिथं वरात दाराशी आलेली, आणि त्यांचा मंडपवाला आलेलाच नव्हता. लोकांनी त्याच्याखाली लगन उरकलं, नीट घडी घातली आणि एसटीच्या टपावरून मला परत पाठवला, सोबत बुंदीची पुडी. पटत नसेल तर सोडून द्या. बुंदी मात्र चांगली होती.

अडचण अशी की वह्या दोन, पण बांबू, कनाती आणि ताडपत्र्यांचा संच एकच. बोंडअळीची ती वर्षं सुरू झाली तेव्हा एकाच दिवशी एका वहीत लगन आणि दुसरीत तेरवी असं माझ्याकडून दोनदा झालं. दोन्हीकडच्या शिव्या मी एकाच तोंडानं खाल्ल्या. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी तेव्हा दारव्ह्याला कॉलेजात होती. बस चुकली की आमच्याकडे मुक्कामाला यायची. तिनं हा सगळा तमाशा पाहिला आणि माझा फोन हातात घेतला.

"मामा, तुमच्या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही शिव्या खाऊन राह्यले."

"सवती हायत त्या, माय. बोलल्या तर घर पेटन."

"मंग त्याइले फोनात आणू. चुली वेगळ्या ठेवू, पण अंगण एक."

फोनात कॅलेंडर असतं हे मला माहीत होतं. एका फोनात कितीही कॅलेंडरं मांडता येतात हे नव्हतं. तिनं 'नवीन कॅलेंडर' दाबलं, नाव टाकलं 'लगन', रंग दिला हळदीचा पिवळा. दुसरं 'देवी-गणपती', निळं. तिसऱ्याला नाव देताना ती थांबली. मी म्हटलं, "तेरवीच लिही. लाजून काय उपयोग." त्याला राखाडी रंग. प्रत्येकाच्या नावापुढे चौकट, तिच्यात बरोबरची खूण. खूण काढली की त्या रंगाच्या नोंदी दिसेनाशा होतात, पुन्हा केली की परत येतात. नवरीकडची माणसं समोर बसली की मी राखाडीची खूण काढायचो आणि फोन बिनधास्त त्यांच्या हातात द्यायचो. एका पाहुण्याला मी सांगितलं की हा फोन दिल्लीहून माझ्यासाठी बनवून आला आहे. त्यानं फोन कपाळाला लावून परत दिला.

तिन्ही कॅलेंडरं तिनं स्वतःच्या फोनाशीही जोडून घेतली. नवीन नोंद पडली की तिला कळेल, दोन कामं एका दिवशी आली तर ती मला फोन करेल, अशी सोय. वह्यांतलं सगळं तिनंच बसून फोनात चढवलं. मी वाचत होतो, ती टाकत होती. पुठ्ठ्याच्या वहीत ती अडली.

"हे पेन्सिलनं काय लिवलं? गावाचं नाव अन् पुढं टिंब."

ही आमच्या धंद्यातली आतली गोष्ट. कुठल्या गावचा माणूस 'सिरियस' आहे अशी बातमी आली की मंडपवाला दिवस मोजतो आणि पेन्सिलनं एक तारीख धरून ठेवतो. माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त गाव, आणि पुढे टिंब. माणूस उठून बसला की खोडरबर. दुःखाच्या घरचा माणूस दारात आला आणि मंडप दुसरीकडे गेलाय असं सांगावं लागलं, तर त्याच्यासारखी शरमेची गोष्ट नाही.

"टिंब म्हणजे माणूस अजून हाय," मी तिला सांगितलं.

"मामा, तुमचा धंदा लय बेकार आहे," ती म्हणाली, आणि टिंबासकट सगळं चढवलं.

पिवळ्या रंगात तिनं स्वतःचंही लगन टाकलं होतं. मुलगा पाहिलेला, शेजारच्या तालुक्यातला, दोन्ही घरांची पसंती झालेली. आमच्याकडे लग्नाची तारीख पंचांगात नंतर पाहतात, आधी पऱ्हाटीकडे, म्हणजे कापसाच्या पिकाकडे पाहतात. दुसरी वेचणी घरात आली की लगन, असं ठरलं होतं. मंडप माझा, आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीमागे उभा राहणारा मामाही मीच. मला एकच बहीण आणि तिला एकच मूल, त्यामुळे ह्या जन्मात हे उभं राहणं माझ्या वाट्याला एकदाच होतं. मी तालुकाभर सांगत सुटलो होतो की भाचीच्या लग्नात असा मंडप घालीन की केळापूरच्या पाखरांना वळसा घालून जावं लागेल.

त्या वर्षी बोंडं फोडली तर आत कापसाऐवजी अळी. दुसरी वेचणी झालीच नाही. पिवळ्या नोंदी एकेक करून पुढे सरकल्या. बोटानं धरायची, ओढायची, पुढच्या महिन्यात सोडायची. तिनं स्वतःची नोंद ओढून पुढच्या वर्षात टाकली, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मी एकही थाप मारली नाही. राखाडी नोंदी मात्र कोणी पुढे सरकवत नव्हतं. त्या रंगाचे चौकोन महिन्यागणिक दाट होत गेले.

पुढच्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. उंच पिकात अळीच्या औषधाचा फवारा अंगावर उलटून येतो. माझे भाऊजी, म्हणजे भाचीचे वडील, तीन दिवस सारखे फवारत होते. चौथ्या दिवशी त्यांना घामानं भिजलेल्या अवस्थेत यवतमाळला दवाखान्यात नेलं. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. मी पोचलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही, मनाची तयारी ठेवा.

दुपारची वेळ. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. बहीण आत होती, भाची औषधं आणायला गेलेली. नवरात्र तोंडावर आलं होतं. माझ्या निळ्या कॅलेंडरात नऊच्या नऊ दिवस देवीचे मंडप भरलेले, एक ताडपत्री रिकामी नाही. आणि बोटं आपोआप दिवस मोजायला लागली. आज गेले तर तेरवी अमुक दिवशी. उद्या गेले तर तमुक दिवशी. मला दिसलं की माझ्याच भाऊजींच्या दारात मला दुसऱ्याच्या मळक्या कनाती लावाव्या लागतील. ज्या माणसानं माझा पहिला मंडप स्वतःच्या बैलगाडीतून वाहिला, त्याच्या दारात. मंडपाचं नवीन पांढरं कापड नुकतंच आणलं होतं, ते मी त्या दिवसापुरतं कोणालाच द्यायचं नाही असं ठरवलं.

मी फोन काढला, तेरवीचं कॅलेंडर उघडलं, बारा दिवस पुढे गेलो आणि त्यांच्या गावाचं नाव लिहिलं. पुढे टिंब. मग त्या कॅलेंडरची खूण काढून टाकली. स्क्रीन साफ. मला वाटलं, वही गठ्ठ्यामागे गेली.

खूण काढली की नोंद फक्त आपल्यापुरती झाकते. दुसऱ्याच्या फोनात ती उघडीच असते. पाहुण्यांसमोर फोन नाचवत इतके महिने काढले, पण हे कधी माझ्या ध्यानात आलं नाही.

भाची औषधांची पिशवी घेऊन पायऱ्यांपाशी आली. दुसऱ्या हातात फोन होता.

"हे आमचं गाव हाय," ती म्हणाली.

मी माझा फोन खिशात सरकवला.

"मामा, हे टिंब कायले देल्लं?"

"टिंब म्हणजे..." मी म्हणालो.

"मले माहीत हाय टिंब म्हणजे काय. मीच चढवले सारे." आवाज जराही चढला नव्हता. "आतमधी आई त्याइचे पाय चोळून राह्यली. अन् तुम्ही इथं बसून तारीख धरून राह्यले."

"पांढरं कापड दुसरीकडं जाऊ नये म्हनून, बाई. तुया बापासाठीच."

"कापड," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी नोंद काढून टाकली. फोननं विचारलं, खरंच काढायची का. मी हो म्हटलं. चार वाजता फोनवर एक ओळ आली की भाची तिन्ही कॅलेंडरांतून बाहेर पडली आहे. जाण्याआधी पिवळ्यातली स्वतःची नोंदही तिनं पुसली होती.

भाऊजी वाचले. सतरा दिवसांनी घरी आले. ज्या दिवसावर मी टिंब ठेवलं होतं त्या दिवशी ते दवाखान्यात उठून बसले आणि पातळ वरण प्यायले. मी हे गावात कोणाला सांगितलं नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. नजर मात्र गेली ती पूर्ण परत आली नाही. समोरचं धुरकट दिसतं, बाजूचं दिसतच नाही. टिंबाचं त्यांना कोणी सांगितलं नाही. भाचीनंही नाही.

लगन उन्हाळ्यात झालं, मुलाच्या गावी, देवळाच्या सभामंडपात. घरचं आजारपण, कापूस असा गेलेला, थोडक्यात उरकू, असं कारण दिलं गेलं. मंडपाची गरजच नव्हती. मला बोलावणं आलं, कारण मामाशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नाहीत. मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो. तिचा खांदा माझ्यापासून एका वितीवर होता, पण तिनं एकदाही मान वळवली नाही. नंतर रांगेत सगळ्यांच्या पाया पडली, तशी माझ्याही पडली. मी डोक्यावर हात ठेवायला गेलो तोवर ती पुढच्या माणसापाशी पोचली होती.

जीप गेल्यावर भाऊजी आणि मी देवळाच्या ओट्यावर बसलो. ते बराच वेळ रस्त्याच्या आवाजाकडे कान लावून होते.

"साळेबुवा," ते म्हणाले, "पोरगी साऱ्याइशी बोलली. तुमच्यापाशी तिचा आवाज नाई आला. काहून?"

उमरखेडला मंडप उतरवणारा माणूस मी. इतक्या वर्षांत थाप सुचली नाही असं कधी झालं नव्हतं.

"लाजली असंन," मी म्हणालो.

"तुमच्यापाशी?"

"हो."

त्यांनी पाणी प्यायला हात पुढे केला, तो तांब्याच्या भलत्याच बाजूला गेला. मी तांब्या सरकवून त्यांच्या हाताखाली आणला.